मुख्यार्थबाध कोणाचा? : ग्रीक देवविचार आणि बायबलचा अन्वय

ख्रिस्ती धर्मविचारावरील ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्रभावाची चर्चा बहुधा काही ठरावीक शब्दांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीचा ‘लोगॉस’. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने स्वीकारलेला, पण बायबलमध्ये कोठेही न आढळणारा ‘होमोऊसिऑस’. ४५१ मधील कॅल्सेडनच्या व्याख्येतील ‘हुपोस्तासिस’ आणि ‘फुसिस’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अडोल्फ फॉन हार्नाक याने या शब्दांच्या आधारे एक मोठा निष्कर्ष काढला : ख्रिस्ती सिद्धान्तव्यवस्था ही शुभवर्तमानाच्या भूमीवर ग्रीक प्रज्ञेने उभारलेली इमारत आहे. या निष्कर्षाच्या बाजूने आणि विरुद्ध इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. शब्द उसने घेतले जातात आणि उसनवारीत त्यांचा अर्थ पालटतो, हे भाषेच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागत नाही. ‘लोगॉस’साठी मराठी बायबलने ‘शब्द’ हा पर्याय निवडला, तेव्हा शब्दब्रह्माची आणि भर्तृहरीची सावली त्या वचनावर पडलीच. तिला कोणी बोलावले नव्हते.

मला अधिक गंभीर वाटतो तो वाचनाच्या उसनवारीचा प्रश्न. ग्रीकांकडून ख्रिस्ती विचारवंतांनी काही संकल्पना घेतल्या, तशीच पवित्र संहितेसमोर अडखळण्याची एक रीतही घेतली. संहिता जे सांगते ते देवाला शोभत नाही, असे वाटल्यावर वाचकाने काय करावे? हा प्रश्न अर्थनिर्णयनाचा दिसतो, पण मुळात तो नैतिक आहे. त्याचा माग मी येथे मुख्यतः एका वचनाच्या आधाराने घेणार आहे.

१

‘उत्पत्ती’च्या सहाव्या अध्यायात, जलप्रलयाच्या कथेच्या तोंडाशी, मानवाची दुष्टता पाहून आपण त्याला निर्माण केले याचे देवाला वाईट वाटले, असे निवेदक सांगतो. हिब्रू संहितेत येथे दोन क्रियापदे आहेत. पहिले ‘नाखम’ या धातूचे. त्याची अर्थकक्षा विलक्षण रुंद आहे : पश्चात्ताप होणे, मन पालटणे, हळहळणे आणि सांत्वन करणेही. मागच्याच अध्यायात लामेख आपल्या मुलाचे नाव नोहा ठेवताना हा आपले सांत्वन करील असे म्हणतो, तेव्हा तोच धातू येतो. दुसरे क्रियापद ‘अत्साव’ या धातूचे, म्हणजे क्लेश होणे, दुःखाने पिळवटणे. त्याच धातूपासून झालेली नामे तिसऱ्या अध्यायात हव्वेच्या प्रसूतिवेदनेसाठी आणि आदामाच्या जमिनीवरील कष्टांसाठी योजली आहेत. लामेखच्या तोंडीही तोच शब्द आहे. म्हणजे देवाने शिक्षा म्हणून मानवाला जो क्लेश दिला, त्याच धातूचा क्लेश आता देवाच्या हृदयाला व्यापतो. ही पुनरुक्ती योगायोगाची नसावी, असे कोणाही साक्षेपी वाचकाला वाटेल.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुदी भाषांतरकारांनी मोशेचे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले. पुढे ‘सेप्टुअजिंट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या भाषांतरात हव्वेला, आदामाला आणि लामेखला ‘लुपे’, म्हणजे दुःख, आहे. देवाला मात्र नाही. सहाव्या अध्यायातील त्या वचनात देव ‘एनेथुमेथे’ आणि ‘दिएनोएथे’, म्हणजे तो मनात आणतो आणि विचार करतो. पश्चात्ताप गेला, क्लेश गेला, चिंतन उरले. मौज अशी, की लगेच पुढच्या वचनात हेच भाषांतरकार देवाच्या तोंडी ‘एथुमोथेन’, म्हणजे मी संतापलो, असे क्रियापद घालतात. देवाने रागावणे चालेल, हळहळणे चालणार नाही, असा काहीसा हा प्रकार आहे. त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचून ही योजना केली, असा दावा करणे धाडसाचे होईल. त्याच भाषांतरसंग्रहात शौलाला राजा केल्याबद्दल देवाला पस्तावा झाल्याचे ‘शमुवेला’च्या ग्रंथात सांगितले आहे. पण उत्पत्तीच्या या वचनापुरता पुढच्या वाचकांच्या हाती आलेला देव हा विचार करणारा देव होता.

नव्या कराराच्या लेखकांनी शास्त्रवचने उद्धृत केली ती बहुतांशी याच ग्रीक भाषांतरातून. तेव्हा आधी एक शुद्ध हिब्रू धर्मग्रंथ आणि नंतर त्यावर चढलेला ग्रीक मुलामा हे चित्र सोयीचे असले, तरी खरे नाही. मुलामा म्हणावा तो धातूतच मिसळलेला होता. (मराठी वाचक या बाबतीत वेगळ्या जागी उभा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर १९२२ मधील त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिब्रूवरून मराठीत येणाऱ्याला पश्चात्ताप, अनुताप, खेद हे शब्द हाताशी असतात. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांना गाळावेसे वाटले ते त्याला गाळावे लागत नाही.)

२

देवाला हे शोभत नाही, असे वाटण्याला ग्रीक जगात मोठी परंपरा होती. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील झेनोफनीझ याने होमर आणि हेसिअड यांच्यावर असा आरोप ठेवला, की चोरी, व्यभिचार, फसवणूक ही माणसांमध्ये निंद्य ठरणारी सारी कृत्ये त्यांनी देवांच्या माथी मारली. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या पुस्तकात या आरोपाला सिद्धान्ताचे रूप दिले. देव चांगला आहे, म्हणून तो केवळ चांगल्याचेच कारण असू शकतो. देव परिपूर्ण आहे, म्हणून तो पालटत नाही. यांतले दुसरे विधान पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘अपाथेइया’च्या, देवाच्या अविकारीपणाच्या, सिद्धान्ताशी जोडले गेले आणि शुद्ध सत्ताशास्त्रीय मानले गेले. परंतु प्लेटोकडे ते कोठे येते हे विसरून चालणार नाही. लहान मुलांना दाया आणि आया कोणत्या गोष्टी सांगतात, या चर्चेत ते येते. देव अविकारी असणे ही आधी एक शैक्षणिक आणि नैतिक मागणी आहे. ज्याच्या रागालोभावर विसंबता येत नाही असा देव नागरिकाला नको आहे.

या टीकेवर ग्रीकांकडेच दोन उपाय होते. पहिला प्लेटोचा : गोष्टच नगराबाहेर घालवायची. दुसरा होमरच्या कैवाऱ्यांचा. ऱ्हेगियमच्या थिआजेनीझपासून स्टोइकांपर्यंत अनेकांनी देवांच्या युद्धांत पंचमहाभूतांचा किंवा मनोवृत्तींचा संघर्ष वाचला. कथेच्या पोटात ‘हुपोनोइया’, म्हणजे तळाशी असलेला अर्थ, आहे असे त्यांचे म्हणणे. प्लेटोला हा उपाय ठाऊक होता आणि त्याने तो स्पष्टपणे नाकारला. तळाशी काय आहे आणि वर काय आहे हे कोवळ्या वयाच्या श्रोत्याला कळत नाही, वरचेच त्याच्या मनावर ठसते, हे त्याचे कारण. वाचकाच्या बाजूने केलेला इतका जुना आणि इतका नेमका आक्षेप साहित्यविचारात क्वचितच सापडेल.

३

आपल्या काव्यशास्त्रात लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून वाच्यार्थ अडतो आणि आपण तीर हा अर्थ घेतो. ओरिजेनने तिसऱ्या शतकात ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात जे मांडले, ते याच्या इतके जवळचे आहे, की काही पाने वाचताना मम्मटाची आठवण व्हावी. शास्त्रात काही ठिकाणी अशक्य आणि असंगत गोष्टी मुद्दाम पेरलेल्या आहेत. वाचक तेथे ठेचकाळावा आणि खोल अर्थाकडे वळावा म्हणून. सूर्य निर्माण होण्यापूर्वी तीन दिवस आणि तीन रात्री कशा झाल्या? देवाने शेतकऱ्यासारखी बाग कशी लावली?

येथे दोन निराळे बाध एकाच यादीत आले आहेत. सूर्यावाचून दिवस हा गंगेवरच्या गवळीवाड्याच्या जातीचा बाध आहे. तो जगाच्या अनुभवातून येतो आणि कोणालाही जाणवतो. देव बागेत फिरतो, रागावतो, हळहळतो यातला बाध मात्र जगातून येत नाही. ज्याने ही कथा सांगितली त्याला तो जाणवला नव्हता. तो जाणवतो तो झेनोफनीझ आणि प्लेटो यांच्यानंतर जन्मलेल्या वाचकाला. मुख्यार्थ येथे आपण होऊन अडत नाही. कोणीतरी तो अडवलेला असतो. ख्रिस्ती परंपरेवरील ग्रीक प्रभावाचा सर्वात खोल पदर मला येथे दिसतो. होमोऊसिऑससारखे शब्द परिषदेत मतदानाने आले आणि त्यांच्यावर वादही झाले. हा बाध मात्र प्रभाव म्हणून ओळखलाच गेला नाही. तो संहितेचाच गुण मानला गेला.

४

हा बाध प्रथम पूर्ण गांभीर्याने अनुभवला तो यहुदी फायलोने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आणि तोही नेमक्या याच वचनापाशी. देवाच्या अविकारीपणावरचा त्याचा ग्रंथ ‘उत्पत्ती’च्या सहाव्या अध्यायातील या ओळींचेच भाष्य आहे. फायलोच्या मते देव मानवासारखा नाही आणि देव मानवासारखा आहे अशी दोन्ही विधाने मोशेच्या ग्रंथांत आहेत. पहिले सत्य आहे. दुसरे बहुसंख्यांच्या शिस्तीसाठी आहे. ज्यांना सत्याने शहाणे करता येत नाही त्यांनी लाभदायक असत्य शिकावे, असे तो आडपडदा न ठेवता म्हणतो आणि रोग्याला खरे न सांगणाऱ्या वैद्याचा दाखला देतो.

हा वैद्य ओळखीचा आहे. असत्य हे औषध आहे आणि ते वैद्याच्याच हाती असावे, हे ‘रिपब्लिक’मधलेच विवेचन. पण प्लेटोने हा अधिकार नगराच्या शासकांना दिला होता आणि देवाला तो निःसंदिग्धपणे नाकारला होता. देवाला खोटे बोलण्याचे काहीच कारण नाही, असे तो म्हणतो. फायलोकडे हे औषध धर्मशास्त्राच्या पानावर येते. देवाचा अविकारीपणा राखला, पण त्यासाठी त्याच्या ग्रंथाला असत्य बोलावे लागले.

ओरिजेन हा तिढा अधिक मायेने सोडवू पाहतो. यिर्मयावरील प्रवचनांत तो म्हणतो, की दोन वर्षांच्या मुलाशी आपण बोबडे बोलतो, त्याच्यासाठी चेहरे करतो. तसाच देव माणसाशी माणसाच्या रीतीने बोलतो. देवाचा पश्चात्ताप आणि क्रोध हे असे चेहरे आहेत. दृष्टान्त हृद्य आहे यात शंका नाही. पण तो जरा पुढे नेऊन पाहावा. आई रागाचा चेहरा करते तो खोटा आहे हे मोठ्या भावंडाला कळते आणि धाकट्याला कळत नाही. एकाच खोलीत एकजण घाबरतो आणि दुसरा मनातल्या मनात हसतो. ओरिजेनला याची जाणीव होती. दैवी शिक्षेविषयीचे सारे स्पष्टीकरण लिहून ठेवणे धोक्याचे आहे, कारण सामान्यांना भीतीची गरज असते, असे त्याने सेल्ससला दिलेल्या उत्तरातच म्हटले आहे. म्हणजे श्रोते दोन प्रकारचे झाले आणि त्यांच्यासाठी देवही दोन. रूपकात्मक वाचनाविरुद्ध संहितेवरील बळजोरीचा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला हा दुसरा आक्षेप अधिक जड वाटतो. संहिता काही बोलत नाही, ती सोसते. साधा श्रोता मात्र खरोखर घाबरलेला असतो.

५

दुसरा मार्ग, प्लेटोचा, ख्रिस्ती जगात मार्सियनने चोखाळला. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीतून बाहेर पडलेल्या या माणसाने जुन्या कराराचा वाच्यार्थ जसाच्या तसा घेतला आणि म्हणूनच तो ग्रंथ, त्यातल्या देवासह, नाकारला. ख्रिस्ताने दाखवलेला देव निराळा, केवळ दयाळू. मार्सियनला कोणी कितीही दोष दिला, तरी त्याने संहितेच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्याला उत्तर देताना टर्टुलियनने एक मार्मिक गोष्ट पकडली. जो कशानेच क्षुब्ध होत नाही असा मार्सियनचा देव त्याला एपिक्युरसच्या देवाचा सोयरा वाटला. अथेन्सचा यरुशलेमेशी संबंध काय, असे विचारणाऱ्या टर्टुलियनने हे म्हणावे यात गंमत आहे. त्याची स्वतःची आत्म्याविषयीची मते स्टोइकांना फार जवळची होती. ग्रीक असल्याचा आरोप त्या काळी प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर करू शकत होता आणि प्रत्येकाचा आरोप थोडाफार खरा ठरत होता.

तिसरा मार्ग लॅक्टँशियसचा. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लिहिलेल्या देवाच्या क्रोधावरील निबंधात तो दोघांनाही खोडून काढतो : देवाला दयाही नाही आणि क्रोधही नाही म्हणणाऱ्या एपिक्युरसपंथीयांना, आणि दया आहे पण क्रोध नाही म्हणणाऱ्या स्टोइकांना. दया आणि क्रोध यांचा उगम एकच. जो चांगल्यावर प्रेम करतो त्याला वाइटाचा तिटकारा असलाच पाहिजे. येथे मुख्यार्थ अडत नाही, आणि त्यासाठीचे कारणही नैतिकच आहे. युक्तिवाद म्हणून हा मला फायलोपेक्षा सरळ वाटतो. परंतु याच लॅक्टँशियसच्या नावावर ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या सम्राटांच्या मृत्यूंचे वर्णन करणारा ग्रंथ आहे, आणि त्यात त्यांच्या सडत गेलेल्या देहांचे तपशील ज्या चवीने येतात ते पाहता क्रोधी देवाच्या बाजूने बोलण्याचा उत्साह मावळतो.

या तीन मार्गांची खरी कसोटी लागते ती ‘स्तोत्रसंहिते’तील १३७व्या स्तोत्रापाशी. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले निर्वासित, झाडांवर टांगलेल्या वीणा, गाण्याची फर्माईश करणारे जेते. आणि शेवटी, बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारे ते भयंकर वचन. सेल्ससला उत्तर देताना, सुमारे २४८ मध्ये, ओरिजेन त्याचा उलगडा करतो. बाबेल म्हणजे संभ्रम. तान्ही मुले म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले दुष्ट विचार. आणि ज्यावर ते आपटायचे तो खडक म्हणजे लोगॉस. योहानाच्या आरंभीचा शब्द असा येथे येऊन पोहोचतो.

या वाचनाने कोणाचे मूल मरत नाही. हे थोडेथोडके नाही. यहोशवाच्या युद्धांवरील प्रवचनांतही ओरिजेन तलवार बाहेरच्या शत्रूवरून काढून मनातल्या विकारांवर धरतो, आणि पुढच्या शतकांत ती युद्धे शब्दशः वाचून स्वतःची युद्धे पवित्र ठरवणारे किती झाले हे आठवले, म्हणजे त्याच्या बाधाबद्दल कृतज्ञता वाटते. पण त्या स्तोत्रात बोलणारा कोण होता? यरुशलेम पडले तेव्हा राजा सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांची हत्या झाली आणि मग त्याचे डोळे काढले, असे ‘राजे’ या ग्रंथात सांगितले आहे. स्तोत्रातला शाप मुले मारली गेलेल्यांच्या तोंडचा आहे. दुष्ट विचार हा अर्थ घेतला, की बाबेलची मुले वाचतात आणि यरुशलेमची मुले, ज्यांच्यासाठी तो शाप उच्चारला गेला, दुसऱ्यांदा नाहीशी होतात. अविकारी देवाला न शोभणारा राग पुसताना ज्यांना राग येण्याचा हक्क होता त्यांचा रागही पुसला गेला. या स्तोत्रापुरता मला ओरिजेनचा अन्वय मान्य नाही. ते वचन भयंकर आहे, ते आचरणात आणण्याजोगे नाही आणि ते खरोखर तेच म्हणते. या तिन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी धरून ठेवता आल्या पाहिजेत. बाध होतो तो माझा आहे. तो मी संहितेच्या नावावर जमा करू नये.

यावर असे म्हणता येईल, की धर्मग्रंथ मानणाऱ्याला हा पर्याय उपलब्ध नसतो; ज्या ग्रंथाचा प्रत्येक शब्द देवाचा, त्याच्यापुढे मला हे पटत नाही असे तो म्हणू शकत नाही, म्हणून त्याला अर्थ पालटावा लागतो. आक्षेप खरा आहे. पण इय्योब हेच म्हणतो, आणि तोही त्याच ग्रंथात आहे.

६

ओरिजेनच्या पद्धतीवर तिच्या मूळ मालकांचाही आक्षेप होता. नवप्लेटोवादी पॉर्फिरीची तक्रार युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. तीनुसार ओरिजेनने ग्रीकांचे ज्ञान घेतले, त्यांच्या गूढ कथांची फोड करण्याची रीत त्यांच्याकडून शिकला आणि ती यहुद्यांच्या ग्रंथांना लावली. पॉर्फिरीने स्वतः ‘ओडिसी’तील अप्सरांच्या गुहेवर एक संपूर्ण रूपकात्मक भाष्य लिहिले आहे. तेव्हा आक्षेप रीतीला नव्हता. कोणता ग्रंथ तिला पात्र आहे, याला होता. त्याच्या मते यहुद्यांच्या ग्रंथांची वाक्ये साधी होती आणि ती साधीच राहावयास हवी होती. परपंथीयाचा वाच्यार्थ त्याच्या गळ्यात बांधायचा आणि स्वतःच्या ग्रंथाला मात्र लक्षणेची मुभा द्यायची, हा न्याय पॉर्फिरीनंतरही पुष्कळ ठिकाणी चालत आला आहे.

एक गोष्ट राहिली. यहेज्केलावरील सहाव्या प्रवचनात, टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीच्या त्या प्रसिद्ध प्रकरणावर बोलताना, ओरिजेन आपल्या साऱ्या मांडणीच्या विरुद्ध जातो. पुत्र मानवावरील करुणेने आधी व्यथित झाला आणि मग खाली उतरला, असे तो सांगतो. आणि तेवढ्यावर न थांबता पिताही विकाररहित नाही, त्याची विनवणी केली तर त्यालाही कणव येते, त्यालाही प्रेमाची व्यथा सोसावी लागते, असे म्हणतो. येथे कोणताही चेहरा केलेला नाही, बोबडे बोल नाहीत, दोन प्रकारचे श्रोते नाहीत. ‘उत्पत्ती’च्या भाषांतरकारांनी देवाकडून काढून घेतलेले दुःख त्यांच्याच शहरात वाढलेला हा वाचक त्याला परत देतो. ५५३ च्या सुमारास ओरिजेनच्या मतांचा धिक्कार झाला आणि त्याचे बरेचसे मूळ ग्रीक लेखन नष्ट झाले. हे प्रवचन आपल्याला मिळते ते लॅटिन भाषांतरात, आणि ते केले आहे जेरोमने, जो पुढे ओरिजेनचा कडवा विरोधक झाला.